घरच्या माणसाचा नंबर

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी अठरा पेशंट, त्यांतले अकरा नुसते घसे. दिवाळीचा धूर, लग्नांतलं ओरडून बोलणं, आणि थंडी पुरती पडली नाही म्हणून अजून फ्रिजचं पाणी. दरवर्षीचंच.

बाराच्या सुमारास केतकी आणि निखिल आले. इथल्या, जयपूरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेलं जोडपं. ती मिरजेची, म्हणजे जवळजवळ माझ्या माहेरचीच. अठ्ठावीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झाली, जगतपुऱ्यात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तो इथंच जन्मलेला, वडील विम्यात होते, मराठी सगळं हिंदीच्या चालीवर. तिचा आवाज तीन दिवस बसलेला. मी विचारलं तिला, उत्तर दिलं त्यानं.

"काकू, मतलब हिने एक्स्ट्रा लेक्चर घेतले ना, वरून पाहुणे पण होते घरी."

ती नुसती मान हलवून हो म्हणाली. दुर्बीण घालून पाहिलं. सूज आहे, उजव्या बाजूला लाल डाग. शिक्षकांचे घसे रोज बघते मी. कागदावर 'आवाजाचा अतिवापर' लिहिलं. आठ दिवस मौन, वाफ, गोळ्या.

गळ्यात स्कार्फ होता. बाहेर चांगलं ऊन, आत पंखा चालू. डोळा लाल दिसला म्हणून विचारलं तर "धूळ गेली." जगतपुऱ्यात धूळ असतेच, निम्मा भाग अजून बांधतायत. निघताना निखिलनं वाकून तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. बघून बरं वाटलं.

४ नोव्हेंबर

तो डोळा डोक्यातून जात नाही. सकाळी भाजी चिरताना एकदम थांबले. डोळा आला होता म्हणावं तर पाणी नव्हतं, चिकटा नव्हता. पांढऱ्या भागात रक्ताचा ठिपका होता. आणि ओरडून सुजलेला घसा दोन्हीकडून सुजतो, एका बाजूला डाग कशाला पडेल?

मंजूजींना फोन केला. स्त्रीरोगतज्ज्ञ, दोन गल्ल्या पलीकडे दवाखाना, वीस वर्षांची मैत्री. नाव न घेता सगळं सांगितलं.

"स्कार्फ हटवाया था?"

नाही.

"पति को बाहर भेजा था?"

नाही.

"तो तुमने देखा क्या?"

मग बोलतच सुटल्या. शय्येत गळा दाबणं हा प्रकार आता त्यांना नवा राहिलेला नाही. लग्न झालेले, न झालेले, शिकलेले, सगळे. "फ़ोन पे देखते हैं और सोचते हैं कि सब ऐसे ही करते हैं। कुछ मर्ज़ी से, कुछ मर्ज़ी के नाम पे। बाकी चोटें मेरे पास आती हैं, गले वाली तुम्हारे पास आती होंगी। तुम पूछती नहीं, इसलिए तुम्हें मिलतीं नहीं।"

राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. तीस वर्षं घसे बघतेय आणि हा प्रश्न एकदाही विचारला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

(इथून पुढं के. आणि नि. लिहीन. वही कुणाच्या हाती लागू नये एवढंच.)

५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी जुने कागद काढून बसले. 'आवाज बसणे, कारण कळत नाही' असे किती निघतात ते बघायला. निघाले. एकीला गिळताना दुखत होतं, मी आम्लपित्त लिहिलंय. एकीची मान अवघडलेली, मी उशी बदलायला सांगितलंय! आणखी एक मुलगी दोनदा आली, दोन्ही वेळा नवरा बरोबर, दोन्ही वेळा तोच बोलला. माझंच अक्षर, माझीच सही. त्यांच्यातल्या एकीचीही गळ्यावरची ओढणी काढून पाहिल्याची नोंद नाही. कदाचित सगळ्यांना खरंच पित्त असेल. कदाचित नसेल. आता कुणाला विचारू?

श्री., म्हणजे आमचे हे, डोकावले. "काय शोधतेस?"

"जुनी बिलं."

तेवढं पुरेसं वाटलं त्यांना.

मग राहवेना. दवाखान्याच्या फोनवरून, कागदावरच्या नंबरवर के.ला मेसेज केला. जसाच्या तसा लिहून ठेवते: 'केतकी, पुढच्या वेळी एकटीच ये. मानेवर दाब पडला असेल तर लपवू नकोस, मी कुणाला सांगणार नाही. काकू.' लगेच वाचल्याची खूण आली. उत्तर नाही. संध्याकाळपर्यंत दहा वेळा पाहिलं.

६ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही, लिहिते तरी.

सकाळी दवाखान्यातल्या कंपाउंडर संतोषजींना म्हटलं, के.ला फोन लावून द्या. त्यांनी लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज. नि.चा. मी काही न बोलता ठेवून दिला.

कागदावर के.चं नाव, के.चं वय, आणि नंबर नवऱ्याचा. संतोषजी शांतपणे म्हणाले, "मैडम, आपने ही तो बोला था। लेडीज़ का नंबर मत लो, उठाती नहीं हैं, घरवाले का लो।"

खरं आहे. बारा वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं. बायका फोन उचलत नाहीत, फेरतपासणीला येत नाहीत, नवऱ्याला किंवा सासऱ्याला कळवलं की येतात. किती सोयीचा वाटला होता तो नियम! कपाटातल्या सगळ्या बायकांच्या कागदांवर कुणा ना कुणा पुरुषाचा नंबर आहे. आणि मी, काकू, त्या पोरीचं गुपित तिच्या नवऱ्याला लेखी पाठवून दिलं. वर 'मी कुणाला सांगणार नाही' म्हणून.

तो हात उचलणारा असेल तर? तिनंच माझ्याकडे तक्रार केली असं त्याला वाटलं तर?

जेवण गेलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी जगतपुऱ्यातल्या हॉस्पिटलात माझी ओपीडी असते. दुपारची सुट्टी झाल्यावर ऑटो करून तिच्या कॉलेजात गेले. विभागाच्या बाहेर एक शिपाई स्टुलावर बसलेला.

"के. मैडम तो गुरुवार से छुट्टी पे हैं।"

गुरुवार. मेसेजच्या दुसऱ्याच दिवसापासून.

"बीमार हैं क्या?"

"पता नहीं जी। उनके हस्बैंड का फ़ोन आया था।"

परतीच्या ऑटोत हिशोब मांडत बसले. पोलिसांत जायचं तर काय सांगायचं? माझ्याकडे एक लाल डोळा आहे आणि एक स्कार्फ आहे. ती सज्ञान, शिकलेली बाई. तिनं मला काहीच सांगितलेलं नाही. सांगेल अशी जागाच मी ठेवली नाही. मंडळातून कुणाकडून तिचा नंबर मिळेल, पण विचारलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळाला कळेल की डॉक्टरीणबाई के.ला शोधतायत.

८ नोव्हेंबर, शनिवार

सी-स्कीम भागातल्या एका हॉलमधे डॉक्टरांची महिन्याची सभा. मंजूजींनी परस्पर माझं नाव दिलेलं, दहा मिनिटं बोलायचं. विषय मी ठेवला 'गळ्यावरचा दाब: ओपीडीत काय चुकतं'.

माझ्या आधी एक सर्जन बोलले. शरीरात जाऊ नयेत अशा वस्तू कशा काढाव्या लागल्या त्याचे फोटो. हॉल हसून हसून बेजार. मीही हसले असते, गेल्या वर्षी हसलेही होते. आज बघताना वाटलं, हा माणूस किती तास लाजेनं घरी कळवळत बसला असेल, आणि उशिरामुळंच त्याचं आतडं फाटलं असेल. सर्जनसाहेब जाता जाता म्हणालेच, "सब लेट आते हैं।" का लेट येतात ते आमच्या हसण्यातच आहे, पण ते कुणी बोललं नाही.

मग मी. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत आणि कानामागं रक्ताचे ठिपके, नंतरचं डोकं दुखणं, विसरायला होणं. निम्म्या वेळा त्वचेवर वळही दिसत नाही हे सांगितलं. मेंदूचा रक्तपुरवठा तुटायला काही क्षण पुरतात, आणि मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर पक्षाघाताचा झटका कित्येक दिवसांनीही येऊ शकतो, हे सांगितलं. कुणी हसलं नाही. ज्येष्ठ फिजिशियन उठून म्हणाले, "मैडम, ये सब दिल्ली-बंबई की बातें हैं। जयपुर में ऐसा नहीं होता।" टाळ्याही पडल्या.

आणि मग चहाच्या वेळी एकेक जण. एक डोळ्यांचे डॉक्टर हळूच, "मेरे पास भी एक आई थी, मैंने खाँसी लिख दिया।" एक अपघात विभागातला. एक मानसोपचारवाले, ते म्हणाले, दोघांची खरी संमती असते तेव्हा आपण कोण बोलणारे, पण हे करून बघावं की नाही असं मला विचारलं तर मी नको म्हणतो, बाकीच्या बऱ्याच गोष्टींना म्हणत नाही. तिघंही आजूबाजूला बघून बोलत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या सगळ्या मुठी उघडल्या तर जयपुरात काय होतं नि काय नाही ते कळेल.

शेवटी एक तरुण डॉक्टर मुलगी आली. "मैम, कितने दिन बाद तक डर रहता है?" मी सांगितलं, काही आठवडे. "थैंक यू मैम" म्हणून गेली. पेशंटसाठी विचारत होती की... मी विचारलं नाही. आत्ताच भाषण देऊन आले होते विचारत जा म्हणून.

९ नोव्हेंबर, रविवार

के.चा पत्ता कागदावर आहे. स्कूटर काढली, मोती डुंगरीच्या चौकापर्यंत गेले, परत आले. दार त्यानं उघडलं तर काय म्हणणार?

श्री. म्हणाले, तू हल्ली ऐकत नाहीस. खरंय. त्यांना सांगता येत नाही म्हणून त्यांच्यावरच चिडचिड करते.

१० नोव्हेंबर, सोमवार

नि. आला. एकटा. नंबर लावून, रांगेत बसून.

आत आला आणि दार लावून घेतलं, तेव्हा मी बेलवर हात ठेवला होता. लाज वाटते आता, पण ठेवला होता.

"काकू, तो मेसेज मला आला."

"माहीत आहे."

"मी तिला दाखवला. ती खूप रडली. म्हणाली आता काकूंसमोर कशी जाऊ. म्हणून कॉलेजला पण नाही जात आहे." मग खाली बघून, "तुम्ही समजताय तसं नाहीये. मी मारत नाही तिला. कधीच नाही. आम्ही दोघांनी मिळून... मतलब तिची पण मर्जी होती. सगळे करतात काकू, माझे दोस्त लोक पण."

मी त्याच्याकडे बघत राहिले. एकतीस वर्षांचा मुलगा, शर्टाची कॉलर घामानं ओली. खोटं बोलत असेल तर फार चांगलं बोलत होता. खरं असेल तरी माझा राग कमी होत नव्हता, हेही लिहून ठेवते.

"त्या दिवशी काय झालं?"

"ती बेहोश झाली. थोडी सी देर. मग उठली. हसली पण."

"कपडे ओले झाले होते? लघवीनं?"

तो कावराबावरा. मग मान हलवून हो म्हणाला.

"ती लाजायची गोष्ट नाही, नि. ती खूण आहे. मेंदूला तेवढा वेळ रक्त मिळालं नव्हतं. ती मेली असती."

(नावानंच बोलले. इथं नि. लिहितेय.)

त्यावर त्यानं जे विचारलं ते मी विसरणार नाही. अगदी मनापासून, चांगल्या विद्यार्थ्यासारखं. "पण काकू, किती प्रेशर सेफ असतं?"

मी ओरडले नाही. विषाची परीक्षा घेत नसतात, म्हटलं. असं माप नाही. कुणाच्याही हाताला ते कळत नाही, डॉक्टरच्याही नाही. ज्या व्हिडिओत दाखवतात त्यांनाही नाही. प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर मान काढली, दोन मोठ्या रक्तवाहिन्या काढल्या, त्यांच्या आतलं अस्तर फाटलं तर काय होतं ते दाखवलं. साडीचं अस्तर आतून उसवावं तसं. वरून साडी नीटच दिसते. अर्धांग होऊ शकतं, आठवड्यानंही, आणि आधी फार तर एका बाजूचं डोकं दुखतं.

त्याचा चेहरा पांढरा पडला.

"काकू, तिचं डोकं दुखतंय. चार-पाच दिवसांपासून. उजवीकडचं. आम्हाला वाटलं रडल्यामुळं."

"आणि हे तू आता सांगतोस?"

हे मात्र ओरडून. बाहेर संतोषजींनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

आत्ताच्या आत्ता अपघात विभागात ने, म्हटलं. त्यानं माझ्यासमोर के.ला फोन लावला. उचलला नाही. तिचा नंबर लिहून घेतला. तिचा स्वतःचा. माझ्या फोनवरून लावला, चौथ्यांदा उचलला. म्हटलं, "काकू बोलतेय. बाकीचं काही विचारत नाही. डोकं दुखतंय ना, फक्त त्यासाठी ये."

"त्याच्याबरोबर नाही येणार," ती म्हणाली. आवाज अजून घोगरा.

"मग एकटी ये. ताबडतोब."

नि.नं ऐकलं ते. मी त्याला म्हटलं तू आता घरी जाऊ नकोस, ती निघेपर्यंत. "ठीक आहे काकू," म्हणून बाहेर जाऊन बाकावर बसला. मी त्याला तिथंही बसू दिलं नाही.

रात्री पुरं करते. के. ऑटोनं माझ्या दवाखान्यात आली, दोन वाजता. स्कार्फ नव्हता. उजव्या कानाखाली पिवळट पडत चाललेला एक डाग, अंगठ्याएवढा. बाकी मान स्वच्छ. डोळ्यांच्या बाहुल्या, हात, पाय, चाल तपासली, सगळं ठीक. मग हॉस्पिटलात फोन करून मानेच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन ठरवला, आणि हॉस्पिटलची गाडी येईपर्यंतच्या वेळात ती बोलली.

"काकू, मी हो म्हटलं होतं. पहिल्यांदा तर मीच म्हटलं, बघू या म्हणून."

"आणि या वेळी?"

"या वेळीही. पण मधेच नको झालं मला. थांब म्हणायचं होतं." थांबली. "आवाजच निघाला नाही. हात हलवला मी. हलवला असेन. त्याला वाटलं..."

पुढचं वाक्य केलंच नाही तिनं.

तीस वर्षं मी लोकांना समजावतेय की आवाज हवेवर चालतो, गळ्यातून हवा गेली तरच शब्द निघतो. हो म्हणताना गळा मोकळा होता, नको म्हणायची वेळ आली तेव्हा तो त्याच्या हातात होता. एवढं साधं. माझ्याच विषयातलं. मला तिच्यासमोर रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

नवा कागद काढला. जुन्यावर काट मारली नाही, राहू दे माझी चूक दिसत. नव्यावर लिहिलं: गळ्यावर दाब, पतीच्या हाताने, काही क्षण शुद्ध हरपली.

"काय लिहिताय?"

वाचून दाखवलं.

"संमतीनं लिहा ना काकू. नाहीतर त्याला पकडून नेतील."

पेन धरून बसले. मग लिहिलं: 'सुरुवातीला संमती होती. नंतर थांबवायचे होते, थांबवता आले नाही, असे पेशंट सांगते.' कागद तिच्यापुढं केला. तिनं दोनदा वाचला.

"हो," ती म्हणाली. "हे असंच झालं."

तक्रार करता येते, तेही सांगितलं. आज, उद्या, महिन्यानं, केव्हाही. नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही.

स्कॅन: उजवीकडच्या रक्तवाहिनीचं अस्तर चिरलंय. लहान आहे. रक्त पातळ करायची औषधं लगेच सुरू. ॲडमिट.

११ नोव्हेंबर

झोप नाही. माझ्या त्या चुकीच्या मेसेजमुळं नि. आला, नि. आला म्हणून डोकेदुखी कळली. मंजूजी म्हणतात, "देखो, गलती से जान बच गई।" असल्या हिशोबानं मन शांत होत नाही. मी तीन तारखेलाच तिची मान पाहिली असती तर सात दिवस आधी औषध सुरू झालं असतं, आणि त्या सात दिवसांत काय होऊ शकलं असतं ते मला पाठ आहे.

दवाखान्यात आजपासून: (१) नंबर पेशंटचा स्वतःचा. (२) दोन मिनिटं एकटं बघायचं, सगळ्यांना, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही. पहिल्याच पेशंटचे सासरे दारात अडून बसले. "बहू से क्या अलग बात करनी है?" संतोषजी म्हणाले, "बाबूजी, मशीन का काम है, एक ही आदमी अंदर।" कसलं मशीन, देव जाणे. पण आत एकटीच आली. तिला खरंच नुसतं सर्दीपडसं होतं. बरं वाटलं इतकं की हसू आलं.

१२ नोव्हेंबर

हॉस्पिटलात संध्याकाळी गेले. के. उशीला टेकून बसलेली, आवाज थोडा सुटलाय. न्यूरोलॉजिस्ट म्हणतात नशीबवान आहे. औषध तीन महिने तरी, मग पुन्हा स्कॅन. मानेला धक्का नको.

नि. दोन दिवस बाहेरच्या बाकावर आहे. आत ये म्हणेपर्यंत जात नाही, आणि तिनं अजून म्हटलेलं नाही. सकाळी राउंडला एका ज्युनिअरनं त्याला विचारलं, चोट कैसे लगी, तर सगळ्या वॉर्डासमोर म्हणाला, "मुझसे लगी।" सिस्टरनं मला सांगितलं, नाक मुरडून. मी के.ला सांगितलं. सांगायला हवं होतं की नाही, माहीत नाही. मी कुणाची वकील आहे?

ती भिंतीकडं तोंड करून झोपली. जरा वेळानं म्हणाली, "तो चांगला आहे काकू. तेच तर अवघड आहे."

मंजूजींना हे वाक्य सांगितलं. त्यांनी ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

१३ नोव्हेंबर

मी असताना तिच्या आईचा मिरजेहून फोन. के.नं स्पीकरवर ठेवला, मान वाकवायची नाही म्हणून.

"अगं, घसा अजून बसलेलाच आहे? काय करत्यात तुझ्या त्या काकू?"

"बघतायत गं. बरा होईल."

"येतीस का चार दिवस? मी घ्यायला येते. का जावईबापू सोडत नाहीत?" आणि हसल्या.

के. माझ्याकडं बघत होती. मी खिडकीबाहेर बघितलं. खाली पार्किंगमधे नि. गाडीची काच पुसत होता, स्वच्छ काच, तीच तीच. आईंना काय सांगायचं ते तिचं तिनं ठरवायचं. माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाही. पण त्या हसल्या ना, ते फार लागलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जगतपुऱ्यातली ओपीडी लवकर आटोपून तिच्याकडं गेले. नाडी, दाब, सगळं चांगलं. डोकं दुखायचं थांबलंय. उद्या सकाळी दहाला सोडतायत.

सिस्टर डिस्चार्जचा फॉर्म घेऊन आल्या. के.नं बसून भरला. नाव, वय, पत्ता. मोबाइल नंबरापाशी तिनं स्वतःचा लिहिला, मला वाटतं मुद्दाम मला दिसेल असा. औषधं समजली, सही. पुन्हा केव्हा यायचं, समजलं, सही.

खाली शेवटचा रकाना: 'पेशंटला घरी नेणाऱ्या व्यक्तीचे नाव व नाते.' इथं तो हिंदीत छापलेला असतो, मी मराठीत लिहितेय इतकंच.

पेन तिथं थांबलं. दारातून बाहेरचा बाक दिसतो. नि. उठून उभा राहिला होता, त्याला वाटलं असेल आता बोलावतील. उशाशी फोन होता, आईचे दोन मिस्ड कॉल होते त्यावर.

"काकू," ती म्हणाली, "मी घरी गेले तर चालेल का?"

मी डॉक्टर. मानेला धक्का नको, गोळ्या चुकवू नकोस, बोलताना तोंड वाकडं झालं किंवा हात जड झाला तर एक मिनिट थांबू नकोस, आणि गळ्याला कुणाचाही हात पुन्हा कधीही लागता कामा नये, कधीही. हे सगळं सांगितलं. जे मला येत होतं ते सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"ते कळलं. मी विचारते ते दुसरंच आहे."

हो म्हणावं असं वाटेना. नको म्हणायचा हक्क मला कुणी दिला? माझ्या घरी ये चार दिवस, एवढं म्हटलं. तिनं माझा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला.

सिस्टर बाहेरून, "हो गया क्या मैडम?"

के.नं फॉर्म उलटा करून मांडीवर ठेवला. "हे एवढं रिकामं ठेवलं तर चालेल का काकू? उद्या सकाळपर्यंत?"

चालेल म्हटलं. सिस्टरना मी सांगते, म्हटलं.